नगरची कृपाबाई

मंडळी, गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याची मुलगी घरी आली होती. इंग्रजी घेऊन एम.ए. करते आहे. फराळ चालू असताना तिने सहज विचारलं, "आजी, तू नगरची ना? मग कृपाबाई सत्तीअनाधन तुला माहीत असणारच."

मी म्हटलं, "अगं, हे तर मद्रासकडचं नाव दिसतंय. आमच्या नगरशी तिचा काय संबंध?"

ती हसली. म्हणाली, "सासरचं नाव आहे ते. माहेरची खिस्ती. नगरला जन्मली, नगरलाच वाढली. इंग्रजीत कादंबरी लिहिणाऱ्या पहिल्या भारतीय बायकांपैकी एक. आम्हाला अभ्यासाला आहे."

मला जरा ओशाळल्यासारखं झालं. माझा जन्म नगरचा (आताचं अहिल्यानगर, पण माझ्या तोंडी नगरच येणार, सांभाळून घ्या). शिक्षण तिथलंच, बी.ए. सुद्धा नगर कॉलेजातून आणि तेही मराठी माध्यमातून. पुढे तेहतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. आणि आपल्याच गावच्या या बाईचं नाव मी पंचाहत्तरीला आल्यावर एका विशीतल्या मुलीकडून ऐकावं?

जाताना ती पुस्तक ठेवून गेली. 'सगुणा' त्याचं नाव. १९९८ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ते पुन्हा छापलं आहे. माझं इंग्रजी तुम्हाला ठाऊक आहेच. डाव्या हाताला शब्दकोश आणि उजव्या हाताला पेन्सिल घेऊन बसले. रोज तीन-चार पानं. दोन महिने लागले, पण वाचून संपवलं. त्यावर लिहिल्याशिवाय राहवेना, म्हणून हा लेख.

आधी थोडा इतिहास सांगते. मास्तरणीची सवय, जाता जात नाही.

अमेरिकन मिशनचे पहिले लोक, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १८१३ साली मुंबईत उतरले. नगरला त्यांचं ठाणं झालं १८३१ साली. पेशवाई जाऊन तेव्हा उणीपुरी तेरा वर्षं झाली होती. मिस सिंथिया फरार ही अविवाहित बाई आधी मुंबईत मुलींच्या शाळा चालवत होती, ती १८३९ च्या सुमारास नगरला आली आणि तिथेही तिने मुलींच्या शाळा काढल्या. जोतीराव फुल्यांनी या शाळा पाहिल्या आणि सावित्रीबाईंचं अध्यापनाचं शिक्षण याच बाईंकडे झालं, हे आपण सगळे वाचतो. 'ज्ञानोदय' हे मासिक १८४२ साली नगरहूनच सुरू झालं. म्हणजे आज झोपाळू वाटणारं आमचं गाव त्या काळी मोठ्या खळबळीचं गाव होतं.

याच दिवसांत नगरला हरिपंत खिस्ती नावाचे एक ब्राह्मण गृहस्थ ख्रिस्ती झाले. (खिस्ती हे आडनाव आपल्याकडे ब्राह्मण घरांतून आजही आहे, त्याचा ख्रिस्ताशी काही संबंध नाही. योगायोग मात्र गमतीचा.) मुंबई इलाख्यात ज्या ब्राह्मण कुटुंबांनी अगदी सुरुवातीला हा धर्म घेतला, त्यांतलं हे एक. त्यांच्या पत्नीचं नाव राधाबाई. या दांपत्याला चौदा मुलं झाली. त्यांतलं तेरावं अपत्य म्हणजे कृपाबाई. जन्म १४ फेब्रुवारी १८६२. त्याच वर्षी नगरलाच मिस फरार वारल्या. एक पिढी संपली आणि दुसरी सुरू झाली, असं म्हणायला हरकत नाही.

कृपाबाई लहान असतानाच वडील गेले. आईने आणि थोरल्या भावाने, भास्करने, तिला वाढवलं. भास्करला पुस्तकांचा नाद. धाकट्या बहिणीला तो पुस्तकं द्यायचा, तिच्याशी वाद घालायचा, तिने शिकावं आणि लिहावं असं त्याला मनापासून वाटायचं. पण तोही तरुणपणीच वारला. पुढे मुंबईला एका मिशनच्या शाळेत ती शिकली. बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नाहीत आणि उपचाराविना मरतात, हे तिने पाहिलं आणि डॉक्टर व्हायचं ठरवलं. इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी शिष्यवृत्तीही मिळाली. पण प्रकृती तोळामासा, तेव्हा परदेशी जाण्यास मनाई झाली. मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ सालापासून बायकांना प्रवेश द्यायला सुरुवात केली होती. तिथे ती १८७८ साली दाखल झाली. वय सोळा.

इथे मी पेन्सिल खाली ठेवली. १८७८! आनंदीबाई जोशी बोटीत बसल्या त्या १८८३ साली. त्यांच्याआधी पाच वर्षं नगरची एक मराठी मुलगी वैद्यकीच्या वर्गात बसली होती. आनंदीबाईंवर मी किती भाषणं बसवून घेतली असतील मुलींकडून! या मुलीबद्दल एक ओळही नाही. हे खरं की कृपाबाई डॉक्टर होऊ शकल्या नाहीत. पहिल्याच वर्षी अभ्यासाच्या ताणाने त्या आजारी पडल्या आणि विश्रांतीसाठी पुण्याला बहिणीकडे येऊन राहिल्या. वर्षभराने पुन्हा मद्रासला गेल्या. तिथे ज्यांच्या घरी त्या पूर्वी राहत होत्या त्या रेव्हरंड सत्तीअनाधन यांचा मुलगा सॅम्युएल, त्याच्याशी ओळख वाढली आणि १८८१ साली दोघांचं लग्न झालं.

नवरा उटकमंडला शाळेचा मुख्याध्यापक झाला. कृपाबाईंनी तिथे मुसलमान मुलींसाठी शाळा काढली आणि 'एक भारतीय स्त्री' अशा सहीने नियतकालिकांत लेख लिहू लागल्या. मग राजमहेंद्री, कुंभकोणम असे मुक्काम करत १८८६ साली दोघं मद्रासला स्थायिक झाली. 'सगुणा' ही कादंबरी मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात १८८७-८८ मध्ये क्रमशः आली. लिहिताना वय पंचवीस. नाव कादंबरी, पण बरंचसं तिचं स्वतःचंच आयुष्य.

या पुस्तकाचं उपनाव मराठीत सांगायचं तर 'देशी ख्रिस्ती जीवनाची कथा' असं होईल. मला वाटलं होतं, धर्मप्रचाराचं पुस्तक असेल. पहिला धडा देव, दुसरा धडा पाप वगैरे. तसं ते निघालं नाही. देवाधर्माच्या गोष्टी आहेत, श्रद्धा तर पानापानांत आहे. पण ती दिसते ती घरात, आईच्या चेहऱ्यावर, भावाबरोबर डोंगरात फिरताना, शाळेतल्या वागणुकीत. पंचविशीतली एक मुलगी मागे वळून बघते आहे आणि स्वतःला विचारते आहे: माझ्या आईवडिलांनी धर्म बदलला. त्यामुळे माझं रोजचं जगणं नेमकं कसं झालं?

सगळ्यात जास्त मला लागली ती राधा, म्हणजे कादंबरीतली आई. लहान वयात लग्न झालेली, सासूच्या धाकात वाढलेली मुलगी. नवरा विद्वान. तो मिशनरी लोकांशी बोलू लागतो, वाचू लागतो आणि एक दिवस ख्रिस्ती होतो. त्याला साक्षात्कार झाला, ठीक. पण तिला कोणी विचारलं होतं का? तिच्या पायाखालची जमीनच सरकली. ती नवऱ्याच्या घरी राहते, पण मनातलं सोवळं सोडत नाही. नवरा तिच्यावर जबरदस्ती करत नाही. तो शांतपणे वागत राहतो, वाचून दाखवतो, वाट पाहतो. हळूहळू तिचं मन वळतं. आणि वळल्यानंतरही ती जुनी राधा पूर्ण संपत नाहीच. लेकीने हे सगळं फार मायेने लिहिलं आहे. आईची जुनी श्रद्धा खोटी होती, असं म्हणून ती मोकळी होत नाही. आईने काय गमावलं, याची तिला जाणीव आहे.

हे वाचताना मला आपल्या लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येणं साहजिकच होतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० साली. मधली पाच वर्षं काय झालं? तर पाण्याचा प्रश्न सुटत नव्हता! आधी ताटातूट, मग नगरला नवऱ्याजवळ येऊनही चूल निराळी. कोणाच्या हातचं प्यायचं, कोणाच्या हातचं नाही, कोण शिवलं, कोण नाही. ज्या घरात वडील बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत येऊ देत नव्हते, त्या घरची ही लेक. येशू ख्रिस्त चांगला, हे तिला लवकर पटलं असेल. पण माणसाच्या हातचं पाणी विटाळत नाही, हे पटायला वर्षं गेली. पटलं तेव्हा मात्र असं पटलं की पुन्हा मागे वळून पाहिलं नाही.

आणि पंडिता रमाबाई. त्यांनी इंग्लंडमध्ये वाँटेजला १८८३ च्या सप्टेंबरात बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याही पंचविशीतच होत्या. तिथल्या जोगिणींशी त्यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे. त्यात वाद कशावर? तर जेवणावर. बाई शाकाहारी राहिल्या, अंड्याचं चालेना. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती, तर यांचं म्हणणं, लॅटिन कशाला, संस्कृत का नको? देव बदलला म्हणून माझी जीभ, माझं ताट आणि माझी भाषा का बदलायची, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. तिकडच्या बायकांना हा गर्व वाटला. मला तो गर्व वाटत नाही. आपण कोण, हे विसरायला ती बाई तयार नव्हती, इतकंच.

या दोघींपेक्षा कृपाबाईंची गोष्ट एका बाबतीत वेगळी आहे. लक्ष्मीबाई आणि रमाबाई यांनी धर्म बदलला. कृपाबाईंनी काहीच बदललं नव्हतं. त्या जन्मल्याच बदललेल्या घरात. त्यांना सोडायला जुनं घर नव्हतं आणि परत जायलाही नव्हतं. गावातल्या ब्राह्मणांच्या लेखी हे घर बाटलेलं. मिशनच्या काही गोऱ्या बायकांच्या लेखी हे लोक 'नेटिव्ह'. मुंबईच्या शाळेतला काळ तिने लिहिला आहे. देशी ख्रिस्ती मुलींशी काही गोऱ्या बायका ज्या तोऱ्याने वागत, ते तिने अजिबात लपवलेलं नाही. देवापुढे सगळे सारखे, हे त्यांनीच शिकवलेलं, आणि दिवाणखान्यात कोणी कुठे बसायचं हेही त्यांनीच ठरवलेलं. दुसऱ्या बाजूला, साहेबाची नक्कल करून आपण मोठे झालो असं मानणाऱ्या आपल्याच ख्रिस्ती बांधवांचीही तिने गय केली नाही. त्याच शाळेत एक अमेरिकन डॉक्टरीण तिला भेटली, जिच्यामुळे वैद्यकीची वाट दिसली. तिचे उपकारही ती मोकळ्या मनाने सांगते. म्हणजे कोणावर डूख धरून केलेलं हे लिहिणं नाही. जे होतं ते तिने मांडलं.

मग एवढ्या ओढाताणीत तिची श्रद्धा टिकली कशी? मला वाटतं, याचं उत्तर भास्करच्या आठवणींत आहे. तिचा देव तिला आधी भेटला तो भावाबरोबर दख्खनच्या उघड्या डोंगरात. खडक, ऊन, वारा आणि शेजारी बसून वाचून दाखवणारा दादा. भाऊ गेला तेव्हा ती कोसळली. पण त्याने सांगितलेलं सोडलं नाही: शीक, लिही, आपल्या बायकांसाठी काहीतरी कर. ज्या धर्मात 'तुझ्यातही काही आहे' असं बहिणीला सांगणारा भाऊ निपजला, तो धर्म तिला आपला वाटला. कोणी पाद्री किंवा मड्डम कशीही वागली, तरी त्यामुळे भास्करचा देव खोटा ठरत नव्हता. कादंबरीतली सगुणा पैसेवाल्या स्थळालाही नकार देते, कारण त्याला बायको हवी होती ती मान खाली घालून बसणारी. तिच्या लेखी श्रद्धा म्हणजे अशा वेळी मान ताठ ठेवणं.

आता थोडं स्वतःचं सांगते. ते सांगितल्याशिवाय हा लेख म्हणजे नुसती पुस्तकाची ओळख होईल. आमच्या घरातल्या काही जणांना ते आवडणार नाही कदाचित. पण पंचाहत्तरीत आवडनिवड किती सांभाळायची?

आमचा वाडा जुन्या नगरात होता. पलीकडच्या आळीत ख्रिस्ती घरं होती. तिथली एक मुलगी माझ्या वर्गात होती. तिचं नाव इथे लिहीत नाही. पाचवीपासून आम्ही एका बाकावर. तिचं अक्षर मोत्यासारखं आणि आवाज असा की प्रार्थनेला बाई तिलाच पुढे उभं करायच्या. आम्ही शाळेतून बरोबर यायचो आणि वाटेत आमचा वाडा आधी लागायचा, म्हणून ती पाणी प्यायला आत यायची.

न्हाणीघराशेजारच्या कोनाड्यात आमच्याकडे एक कान तुटलेला कप असायचा. आजी त्या कपात तिला वरून पाणी ओतायची. मला पितळी फुलपात्र, तिला तो कप. ती पाणी प्यायची, दगडावर जाऊन कप विसळायची आणि कोनाड्यात पालथा घालून ठेवायची. कोणी सांगावं लागत नसे. आजी वाईट नव्हती हो. तिला चकली द्यायची, केसांवरून मायेने चार शब्द बोलायची. फक्त हात लावायची नाही. नाताळात तिची आई ताटभर करंज्या आणि शंकरपाळी पाठवायची. ताटावर विणलेला रुमाल असायचा. आजी ताट हसतमुखाने घ्यायची. करंज्या थेट गाईपुढे जायच्या. आणि रुमाल धुऊन, घडी करून परत.

हे साधारण १९६१ च्या आसपासचं. म्हणजे कृपाबाईंच्या जन्माला तेव्हा शंभर वर्षं होत आली होती. त्याच गावात, तसंच पाणी, तशाच तऱ्हेने.

मी काय करत होते? काही नाही. बघत होते. मला ते विचित्रही वाटलं नव्हतं, खरं सांगते. कप तिचा होता, फुलपात्र माझं होतं. सूर्य पूर्वेला उगवतो, तसंच. आठवीपासून तिचं आमच्याकडे येणं कमी झालं. अभ्यास वाढला असेल, असं मी धरून चालले.

पुढे मी शिक्षिका झाले. पाठ्यपुस्तकात 'स्मृतिचित्रे'तला उतारा असायचा. सोवळ्याओवळ्याचे ते प्रसंग मी रंगवून शिकवायचे. मुलं पोट धरून हसायची. खाली प्रश्न असायचा: लक्ष्मीबाईंच्या लेखनातील विनोद उदाहरणासह स्पष्ट करा. मी उत्तर लिहून द्यायचे, दहा ओळींत. मार्कही द्यायचे. तेहतीस वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही की हा विनोद आपल्या न्हाणीघराशेजारच्या कोनाड्यात पालथा घालून ठेवला होता.

शाळेच्या बॅचचं स्नेहसंमेलन काही वर्षांपूर्वी झालं. ती आली होती. आयुष्यभर परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली, पांढरे केस, आवाज तसाच गोड. जेवणानंतर बाजूला बसलो तेव्हा मी एकदाचं विचारून टाकलं, "तुला तो कप आठवतो का गं?"

ती म्हणाली, "न आठवायला काय झालं? आईने बजावून ठेवलं होतं, पाणी प्यायलीस की कप विसळून ठेवत जा, म्हाताऱ्या माणसाला त्रास नको. रोज रात्री आजीसाठी प्रार्थनासुद्धा करायला लावायची."

मला काय बोलावं सुचेना. मग तीच म्हणाली, "मी आजीवर कधी रागावले नाही. तुझा मात्र राग यायचा. तू कधी काही बोलली नाहीस. म्हणून मग येणंच बंद केलं."

अभ्यास वाढला होता म्हणे! मी तिचा हात हातात घेतला आणि माफी मागितली. उशीर झाला होता, पण मागितली. ती हसून म्हणाली, "झालं ते झालं. चल, आइस्क्रीम संपेल."

'सगुणा' वाचताना ही सगळी संध्याकाळ पुन्हा समोर आली. कृपाबाई जे सांगते आहे ते माझ्या मैत्रिणीच्या आईने जगून दाखवलं होतं. कप विसळून ठेवणं हा अपमान गिळणं होतं की आजीवरची माया होती? मी फार विचार केला. मला वाटतं, दोन्ही होतं. श्रद्धा ही अशा जागी लागते. रविवारी देवळात (ते लोकही चर्चला देऊळच म्हणतात) गाणं म्हणणं सोपं आहे. बुधवारी दुपारी तहान लागलेली असताना, दुसऱ्याच्या वाड्यात, कान तुटलेला कप हातात आल्यावर आपण कसं वागतो, तिथे धर्म कळतो. हे तिला लागू होतं, तसंच मलाही. माझ्या हातात फुलपात्र होतं. ते बाजूला ठेवून मीही त्या कपातून पाणी मागितलं असतं, तर आजी मला काय मारणार होती? माझ्या धर्माचीही ती परीक्षाच होती आणि मी पेपर कोरा दिला.

कृपाबाईंचं शेवटचं सांगते आणि थांबते.

त्यांना एक मूल झालं, ते वर्षाचंही होण्याआधी गेलं. त्या खचल्या. पुढे मुंबईला उपचार घेताना क्षय असल्याचं कळलं. त्या काळी क्षय म्हणजे शिक्षाच. आपल्याला फार दिवस नाहीत, हे समजल्यावर या बाईंनी काय करावं? दुसरी कादंबरी लिहायला घेतली. तिचं नाव 'कमला', आणि ती एका हिंदू मुलीची गोष्ट आहे. बालविवाह, सासुरवास, मग वैधव्य. शेवटी एक चांगला माणूस कमलेला लग्नाचं विचारतो. ती नाही म्हणते आणि उरलेलं आयुष्य दुसऱ्यांच्या सेवेत घालवते. मरणाच्या दारातली एक ख्रिस्ती बाई आपल्या नायिकेला ख्रिस्ती करत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्या समाजाने तिच्या आईवडिलांना बाहेर ठेवलं, त्याच समाजातल्या एका मुलीचं दुःख तिने शेवटच्या श्वासापर्यंत लिहिलं, आणि त्या मुलीला आपल्या जागी, आपल्या लुगड्यात, आपल्या श्रद्धेसह राहू दिलं. १८९४ साली कृपाबाई गेल्या. वय बत्तीस. 'कमला' त्याच वर्षी पुस्तकरूपाने आली आणि 'सगुणा' त्यांच्यामागे, १८९५ साली.

आपण त्यांना का विसरलो? त्यांनी इंग्रजीत लिहिलं, हे एक कारण. त्या मद्रासला गेल्या, आडनाव परकं झालं, हे दुसरं. तिसरं कारण आपण फारसं बोलून दाखवत नाही. 'ती काय, ख्रिस्ती होती' असं म्हटलं की आपल्या मनातला कोनाडा आपोआप उघडतो आणि आपण त्या माणसाला तिथे ठेवून देतो. पालथं घालून. लक्ष्मीबाई मराठीत लिहीत होत्या आणि हसवत होत्या, म्हणून वाचल्या.

पुतण्याच्या मुलीने आणि मी आता एक उद्योग काढला आहे. 'सगुणा'मधलं एकेक प्रकरण ती मला मराठीत तोंडी समजावून सांगते आणि मी ते माझ्या शब्दांत वहीत उतरवते. राधेची प्रकरणं झाली आहेत. दर रविवारी संध्याकाळी, मैत्रीण देवळातून परत आली की, मी तिला फोन करते आणि नवं लिहिलेलं वाचून दाखवते. मागच्या रविवारी राधेचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझी पणजीसुद्धा अशीच असणार बघ. तिला तरी कोणी विचारलं होतं!"

पुढच्या महिन्यात ती आमच्याकडे चार दिवस राहायला येणार आहे. नगर सोडून मला कित्येक वर्षं झाली, वाडाही पडला. पण आजीची ती पितळी फुलपात्री मी जपून ठेवली आहेत. चिंच लावून घासून ठेवते.

असो. नगरच्या मंडळींपैकी कोणाच्या घरात जुन्या अशा आठवणी असतील, गोड किंवा कडू, तर जरूर लिहून ठेवा. आपल्यानंतर त्या सांगायला कोणी उरणार नाही.